कानडीत न सांगितलेली ओवी

गुरुवार. दिवेलागण झाली. मळमड्डी.

गंगक्काचं बोलणं मनातून जात नाही.

आठ वर्षं दर गुरुवारी मी मराठी पोथी वाचतो आणि शेजारच्या बायकांना अर्थ कानडीत सांगतो. गंगक्का दाराशी फुलं ओवत ऐकते. तिला मराठी येत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. आज उठताना ती मराठीतच म्हणाली, "अण्णा, ती एक ओवी तुम्ही कानडीत कधीच सांगत नाही. वाचणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याला देव कळू शकतो, ती."

मी हसून म्हणालो, "राहिली असेल."

राहिली? दरवर्षी तीच? रागाच्या, लोभाच्या ओव्या मी दोनदोनदा समजावतो. त्या इतरांसाठी आहेत असं वाटतं म्हणून. ही माझ्यावर येते. आणि मी ती मुद्दाम गाळली नव्हती, हेच जास्त लागतंय. म्हणजे नकळत मला सोयीचा तेवढाच देव सांगत आलो?

पुढच्या गुरुवारी त्या ओवीचा अर्थ गंगक्कानेच सांगावा. माझ्या पाटावर बसून.

हे शेवटचं वाक्य लिहायला फार वेळ लागला.