डावीकडची खोली

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

"पोराला कुणी बोलू नका, ही खोलीच वाईट आहे." आई हे म्हणाली, त्याला अडतीस वर्षं झाली. तुझी कंबर कशी आहे? वहिनीने पाठवलेला स्वेटर अगदी मापात बसला, सांग तिला.

माझी बदली आपल्याच गावच्या जुन्या दवाखान्यात झाली, हे मुद्दामच कळवलं नव्हतं. दगडी भिंती तशाच आहेत. डावीकडच्या खोलीत नवी खाट आली, दिवा आला, मी आले. बाळंतपणाला मात्र एकही बाई येत नाही. तिथे जन्मलेलं मूल जगत नाही, असा शाप आहे म्हणे. कुणी म्हणतं, तो गवंड्याच्या बायकोने दिला. कुणी म्हणतं, भिंत रडते. अरे, भिंतीला ओल आहे. छपराची पन्हळ फुटली आहे.

मागच्या महिन्यात शिंप्याची मुलगी शहराच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. मूल गेलं. आता सुताराच्या सुनेचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे, आणि शहर तीन तासांवर. मी घरी जाऊन समजावलं, "मी रोज त्याच खोलीत डबा खाते, मला काय झालं?"

तिची सासू हसली. "बाई, तुम्हाला कुठे मूल आहे?"

मग मी सांगून टाकलं. आईला त्याच खोलीत कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सबाई जेवायला घरी गेल्या होत्या. त्यांना बोलवायला तुला धाडलं, आणि तू चिखलात रुतलेला ट्रक बघत राहिलास. त्या पोचल्या तोवर आपली धाकटी बहीण गेली होती. तुला वाचवायला आई जे बोलली, त्याचाच पुढे शाप झाला.

"तुमची आई खोटं बोलेल होय? तुम्ही तेव्हा एवढ्याशा! भाऊ येऊन सांगू दे, मग बघू."

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही. तेव्हा मी तुझ्या पाठुंगळीला होते. तू दोनदा म्हणालास, "चल." मीच तुझे केस धरून म्हटलं, "ट्रक निघू दे ना." हे तू कधीच कुणाला बोलला नाहीस. गाव सोडलंस, आईच्या शेवटच्या वेळीही आला नाहीस, पण बोलला नाहीस.

आठवडाभर आहे हातात, फार तर दहा दिवस. सुताराच्या ओट्यावर पाच मिनिटं बस आणि सगळं सांग, माझ्यासकट. तू पत्राची घडी घालशील, वहिनीला म्हणशील, "सध्या सुट्टी नाही." ठाऊक आहे मला.

तरी ये.

तुझ्या पाठीवरून अजून न उतरलेली,
छोटी