मागचा पाय मी नेला आहे

अहो,

काल कुपवाडच्या आरवाड्यांशी फोनवर कुरकुरत होतात, ते मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं. "डिझाइन सगळं माझंच हो. तो मागचा बेढब पाय तेवढा आमच्या मंडळींची लुडबुड. काढून टाकू."

म्हणून काढला. तीन मॉनिटरच्या स्टँडचा मागचा पाय नट-बोल्टांसकट पिशवीत घालून मी साताऱ्याला शरयूताईकडे निघाले आहे. आरवाडे दुपारी ऑर्डर द्यायला येतील. त्यांना तुमचं डिझाइन पायाशिवाय उभं करून दाखवा.

तुम्ही माप घेतलंत ते नुसत्या काचेचं. मॉनिटरला मागे केवढं कुबड असतं, ते तुमच्या ध्यानातच आलं नाही. पहिला स्टँड मागे कलंडला, तेव्हा पाटा-वरवंटा ठेवून ठेवून तोल मी काढला आणि पुठ्ठ्याचा नमुना कापून वेल्डरला दिला. त्या दिवशी हा पाय तुम्हाला फार देखणा वाटला होता.

मॉनिटर पलंगावर गोधडीत ठेवलेत, अंग टाकण्याआधी बघा. आमटी झाकून ठेवली आहे. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही.

बोल्ट सोडवताना ऋचाने पाना धरला होता. मी म्हटलं, "तुझ्या बाबांना या पायाची लाज वाटते." इतकी वर्षं या घरात कुणी बोललं नव्हतं, ते पोरगी मान वर न करता बोलली.

"पायाची नाही, आई. तुझी वाटते."