नवं गवत

४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी बाबा तुझ्याकडे पोचतील. घराची डागडुजी काढली आहे, धुळीनं त्यांचा खोकला बळावेल. दोन महिने समुद्राची हवा खाऊ देत. तिथल्या दमट उकाड्याला घाबरत होते, म्हणून सोबत आपल्या कारखान्यातला कूलर धाडतोय. त्याच्या जाळीत भरायला मला नवं गवत सापडलंय, दमट हवेतही गारवा देतं. ऐकून म्हातारा असा खूश झाला की लगेच बॅग भरायला घेतली! भाओजींना म्हणावं, पत्त्यांत मुद्दाम हरू नका, बाबा बरोब्बर ओळखतात.

लोभ तुझ्याकडून नेहमी जास्तच येतो, तसाच येऊ दे.

तुझा,
ढब्बू

१६ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

कूलरमधून गरम, चिकट वारा येतो. पहिल्या दिवशी बाबांनीच मला समजावलं : कोरडी हवा तहानलेली असते, ओल्या गवतातलं पाणी पिते आणि गार होते, इथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली, ती आणखी काय पिणार? तरी म्हणाले, पोरानं काहीतरी शोधलंय, आपलंच चुकत असेल. खिडकी उघडून पाहिली, पंप साफ केला. काल त्यांनी बाजूची जाळी खोलली. आत तेच नेहमीचं गवत. ते तसंच परत आत घालून त्यांनी स्क्रू लावले.

तुझ्या बायकोला फोन केला, तर तिनं मलाच विचारलं, डागडुजी कसली? बाबांच्या खोलीत तू कारखान्याचा माल भरलास म्हणे. ज्यांनी तुला हातात पाना धरायला शिकवलं, त्यांना त्यांच्याच धंद्यात फसवलंस. माझं डोकं भणभणलंय.

लोभाचं पुढे बघू.

ताई

२५ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझं माफीचं पत्र ताईनं वाचून दाखवलं. खोली हवी होती तर मागायचीस, मी एका शब्दात दिली असती. मला घ्यायला येऊ नकोस.

तू माझ्या पुढे गेलास, हे मी इथे आल्या आल्या सगळ्या शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगितलं. आता ते रोज विचारतात, मुलाचा कूलर गार हवा देतो ना? मी हो म्हणतो. इतकं खोटं मी आयुष्यात गिऱ्हाइकाशीसुद्धा बोललो नव्हतो.

सुखी राहा.

बाबा