टोपीला लावलेला साबण

बाबा, तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात काकांनी महाल भागातलं आपलं इंजिन-दुरुस्तीचं दुकान विकायला गिऱ्हाईक आणलं. दुकान मी चालवते म्हटलं, तर हसले. "तू काय इंजिनात हात घालशील वं? लोक काय म्हणतील?" तेवढ्यात खाप्याचे लाकूड-ठेकेदार पेट्रोलवर झाडं कापायची मशीन, चेन-सॉ, घेऊन आले. सुरू व्हायची, जरा कापायची आणि मरायची. काकांनी ती माझ्यापुढे सरकवली. "हे चालू करून दाखव, मंग दुकान तुयं. नाही तं मुकाट्यानं किल्ली दे."

ठेकेदाराच्या माणसांनी कार्बोरेटरचे स्क्रू पिळून पिळून त्याची पार वाट लावली होती. मी दोरी ओढली. मशीन छान धावली, मग धापा टाकून बंद. "झालं?" काका म्हणाले. माझा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातोय, आणि तुमचं ते ओरडणं कानात येतं: "आधी श्वास पाह्य, मंग घास!" घास म्हणजे पेट्रोल, श्वास म्हणजे हवा. मी टाकीची टोपी सैल केली. फुस्स झालं. पुन्हा दोरी ओढली, तर मशीन टकाटक चालू. टोपीला हवेसाठी बारीक भोक असतं, ते साबणानं बुजलेलं. टाकीत हवा शिरत नाही तर पेट्रोल पुढे जाणार कसं?

"याले साबण कोणी लावला?"

ठेकेदार चपापले. "मीच लावला ना बाई. एवढं ऊन, पेट्रोल उडून राहिलं होतं."

सुईनं भोक मोकळं केलं. मग स्क्रू हलक्या हातानं बंद करून थोडे थोडे उघडत गेले, आधी मंद चालीचा, मग वेगाचा. मोकळी फिरताना किंचित घरघर राहू दिली, तुम्ही ठेवायचात तशी. बाभळीच्या ओंडक्यात पातं शिरलं आणि आवाज साफ झाला. भुसा काकांच्या पांढऱ्या धोतरावर. टाकी रिकामी होईस्तोवर मी तिला थांबू दिलंच नाही, काकांच्या नाकावर टिच्चून! शेवटी ते भुसा झटकत म्हणाले, "बापावरच गेली," आणि उभ्या उभ्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला, की दुकान विकायचं नाही.

आता माझे केस पिकले, दुकान अजून माझंच आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तर पुढचं लिहिता येतं. तुम्ही गेल्यापासून मी रोज रडत होते. त्या संध्याकाळी हाताला पेट्रोलचा वास तसाच ठेवून पोटभर जेवले, आणि झोपेपर्यंत मला तुमची आठवण आली नाही.