माळावरची राखेची रेघ

फाल्गुन वद्य ४
प्लेग सरला म्हणं. आज सारं गाव माळावरच्या झोपड्या मोडून घरला गेलं. मरीआईला नारळ फोडला अन वाजत-गाजत वेशीत शिरलं. मी मुद्दाम मागं ऱ्हायलो. घाईनं कामं बिघडतात. भ्यालो-बिलो न्हाई. परवा जातो.

फाल्गुन वद्य ८
पुतण्या त्रिंबक न्यायला आलता. त्याला सांगितलं, ज्या खोलीत धर्मराज प्लेगानं गेला तिच्या माळवदाला आनखी एक भोक पाड, ऊन जाऊ दे, मग येतो. तो म्हणला, तात्या, आता भोकंच ऱ्हायलीत, माळवद कुठं हाय? उलट बोलायची खोडच हाय त्याला.
धर्मराज माझा पोरगा. त्यावर जास्त लिहीत न्हाई.

पाडवा
माळावरून घरची गुढी दिसली. चांगली उभारली. तितं जायची काय गरज?
कुडात काईतरी खुडबुडलं. सरडा असंल. तरी झोपडीभवती राखेची रेघ मारली. उंदीर राख वलांडीत न्हाई. भाकरीबी रेघेभायेरच ठिवायची. घरनं भाकरी आणणारी बायको सुंदरबाई म्हणली, मग मी काय उंदीर हाय का? लई फाटं फोडते.

चैत्र शुद्ध ६, दुपार
काळीज धडधडलं. हात गार, अंगाला घाम. काखेत गाठ चाचपली. डावीकडं काईतरी लागलं. उजवीकडंबी तसंच लागलं. म्हंजे देवानंच दिलेलं. जेवलो. परत चाचपलं.

चैत्र वद्य २
त्रिंबकानं नांदूरघाटचा हकीम आणला. कावून, कुणास ठाऊक. हकिमानं नाडी धरली, झोपेचं विचारलं, धुऊन धुऊन सोललेले हात बघितले. म्हणला, प्लेग न्हाई, हा खफकान. धसक्याचा आजार. उगीच काळीज पळतं, झोप उडते, माणूस तेच तेच तपाशीत बसतो, जागा सोडीत न्हाई. पोरगा गेल्यापून हाय का, असं सुंदरबाईला विचारलं. तिनं मान हालवली. मला कुणी विचारलं न्हाई.
औषध काय, तर गुलाबाचं सरबत, अन रोज रेघेपुढं एक पाऊल.
मी म्हणलो, हा आजार त्रिंबकाला हाय. दिसभर एकच घोकतो, घरी चला, घरी चला. हकिमानं पिशवी आवरली. पटलं असणार.

वैशाख शुद्ध ३
धर्मराजाच्या अंजनाचं लगीन ठरलं. सिरसाळ्याचं स्थळ. बापामागं कन्यादान आज्यानंच करायचं. ठणकावून सांगितलं, मीच करणार. नवं धोतर आणवलं. सराव म्हणून रेघेवर उभा ऱ्हायलो. पायाला राख लागली. पाय धुतले. परत धुतले.

वैशाख वद्य ५, लग्नाचा दिवस
पहाटंच धोतर नेसलो, पटका बांधला. रेघेपशी गेलो. वाऱ्यानं रेघ मोडलती, आधी ती नीट केली. मग परत काख चाचपली. जरा बसलो. त्रिंबक दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला न्हाई.
दुपारी वेशीकडून ताशा ऐकू आला. त्रिंबकानं कन्यादान केलं म्हणं. करू दे. आजून काय, पोरीची पाठवणी हायच. तिला जातो.

वैशाख वद्य ६
अंजनाची गाडी सिरसाळ्याला निघाली. तिनं माळावर थांबवली. रेघेपशी येऊन उभी ऱ्हायली. मीच शिकवलेलं. तितूनच वाकून पाया पडली. म्हणली, आबा, एक पाऊल या की. न्हाईतर मी येते.
म्हणलो, नको, रेघ मोडंल.
गाडी गेली. लांबवर धुरळा दिसत हुता.
रेघ कुठं मोडली न्हाई. दोनदा बघितली.