हाक मारली तरी न वळणारे आजोबा

प्रिय आत्या,

तुझ्या हौसेखातर मी आजोबांच्या या देशात येण्याची नोंद शोधायला गेले. बंदराच्या जुन्या दप्तरात ती चटकन सापडली. नाव, वय, वडिलांचं नाव, सगळं जुळत होतं. खाली मात्र एक ओळ होती: उतरल्यावर आठवड्याभरात तापानं मृत्यू.

मी हसले. "अहो, यांच्याच मांडीवर वाढलेय मी."

तिथला कारकून हसला नाही. "मग तुम्ही वाढलात ती मांडी कोणाची?"

आजोबा तिसऱ्या हाकेला वळायचे, आणि आपण त्यांना बहिरे म्हणून चिडवायचो. ते बहिरे नव्हते गं. ते नाव त्यांचं नव्हतंच. मेलेल्या माणसाच्या कागदांवर ते या देशात राहिले, आणि तुझं-माझं नागरिकत्व त्याच कागदांवर उभं आहे.

"चूक असेल, राहू द्या," मी म्हणाले.

"वर कळवावं लागतं, ताई," म्हणत त्यानं फाइल बाजूला काढून ठेवली.

आज सकाळी वरच्या कचेरीतून फोन आला. आवाज अगदी गोड होता. "त्यांच्या मुलांपैकी कोणी हयात आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "एक आत्या होती, तीही गेली."

तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दाराची कडी तपासते. आता तू फोन केलास तर मी उचलणार नाही. रुसू नकोस. हे पत्रही टाकणार नाही. पाकिटावर तुझा पत्ता लिहावा लागेल.

तुझीच,
भाची