बोटावरचं मेण

आई,

तू गेलीस त्याला दहा वर्षं झाली. आज मी सांगलीत येऊन मत देऊन गेलो, पण एवढंच कळवायला लिहायला बसलेलो नाही. तुझ्याशी मी एकदा खोटं बोललो होतो. कन्फेशनला फादरांपुढं बाकी सगळं ओकलो, दारूचं सांगितलं, बायकोशी महिनाभर अबोला धरल्याचं सांगितलं, पण हे तेवढं गिळून बसलो. आज ते लिहून टाकावं म्हणतो. रडूबिडू येत नाहीये, हे आधीच सांगतो. ताई म्हणते, तू दगड झालायस. असेनही.

यंदा मतदान नेमकं नोव्हेंबरात आलं, आपल्या मृतांच्या महिन्यात. दोन तारखेला चर्चमधल्या मृतांसाठीच्या मिस्साला मला साताऱ्याहून रजा मिळाली नव्हती, तेव्हा ताईनं फर्मान काढलं की मतदानाच्या सुटीत दोन्ही कामं उरकायची. आधी कबरी, मग मत. माझं नाव अजून सांगलीच्याच यादीत आहे. सकाळच्या एसटीनं आलो तर ताई शेवंतीची फुलं, मेणबत्त्यांचा पुडा आणि पाण्याची कॅन घेऊन स्टँडवरच उभी. तुझ्या आणि पप्पांच्या कबरीवरचं गवत उपटलं, फरशी धुतली. वारा सुटला होता. ताई प्रार्थना म्हणत होती आणि मी मेणबत्ती विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून उभा होतो. मेण ओघळून डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर आलं, चटका बसला. तिथं मला जाणवलं ते तेवढंच. बाकी मनात एसटी परत कितीची आहे हेच चाललं होतं.

तसेच मतदानाला गेलो. शाई लावायला टेबलापाशी एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, आवाज वर्गात कमावलेला. त्यांनी माझं बोट धरलं आणि थांबल्या.

"काय लावलंय हे?"

"मेण हाय."

"मेण कशाला लावलंत?"

मागून कुणीतरी बोललं, "लय हुशार गडी हाय. शाई पुसून परत यायचा बेत दिसतोय!" रांग हसली. मी घाबरलो नाही की चिडलोही नाही. दुसऱ्या कुणाचं तरी बोट त्यांनी धरलंय असं वाटत होतं.

"आवं बाई, कबरीवरनं आलोय. आईच्या. तिथं मेणबत्ती लावली."

"ख्रिश्चन व्हय तुमी?"

"व्हय."

"मग हात धुऊन तरी यायचं न्हाई का?" असं म्हणत त्यांनी नखानं मेण खरवडलं, फडक्यानं बोट खसाखसा पुसलं आणि शाईची रेघ ओढली. मागचा माणूस हळूच म्हणाला, "चुकलं गड्या, आईचं म्हाईत न्हवतं." मी मान हलवली.

तूही अशीच पुसायचीस का गं लोकांची बोटं? तीस वर्षं आष्ट्याकडच्या शाळांतून शिकवलंस आणि दर निवडणुकीला तुझी ड्युटी ठरलेली. बाकीच्या बाया आजाराचे दाखले जोडायच्या, तू डबा बांधायचीस. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तू भाकरी थापायला बसतेस, तुझ्या बोटांची टोकं काळीनिळी झालेली असतात, आणि मी ताट सरकवून म्हणतो, असल्या हातची भाकरी मी खाणार नाही. तू तव्यावरची नजरही काढत नाहीस. "गावभरातल्या माणसांचे हात हातात घेतलेत मी काल. तुला नुसती भाकरी जड झाली? खा गुमान." मी खाल्ली. चव नेहमीचीच होती.

आणि मग ते शेवटचं मतदान. तू अंथरुणाला खिळली होतीस, ताई तेव्हा वाईला होती आणि घरात मी एकटा. तू दुपारीच शेजारच्या काकूंकडून साडी बदलून घेतली होतीस, ओळखपत्र उशाशी ठेवलं होतंस. चार वाजता म्हणालीस, "रिक्षा बघ की रं." मी म्हणालो, बघतो. टीव्हीवर कुठलासा सिनेमा लागला होता, आज त्याचं नावही आठवत नाही. सव्वापाचला तू परत विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "आता वेळ संपली, आई. पाचलाच बंद झालं."

तू भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलंस. "व्हय का? मग ऱ्हाऊ दे," म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. तीन आठवड्यांनी तुझ्या हातात जपमाळ गुंडाळताना ते बोट मला दिसलं, धुतल्यासारखं स्वच्छ. तेव्हाही मी नीट रडलो नाही. लोकांना वाटलं, पोरगा धीराचा आहे.

हा कागद ताईला दाखवायचा नाही, फादरांनाही नाही. तुझ्या पत्त्यावर तर काहीच जात नाही. तेव्हा एक शेवटचं. तुला ते खरं वाटलं, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण मतदान सहापर्यंत चालतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? रांगेतला शेवटचा माणूस मत देऊन जाईपर्यंत खुर्ची न सोडणारी बाई तू. तुला सगळं कळलं होतं आणि तू मला वेळ मारून नेऊ दिलीस. खरं सांगू का आई, तू "ऱ्हाऊ दे" म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता उठावं लागणार नव्हतं.